फुलं बघायला जाऊ या, पण गॅलरी मोजून!

संक्रांतीचा तिळगूळ डब्याच्या तळाशी गेलेला असतो, थंडी अजून पुरती उतरलेली नसते आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक लहानशी बातमी येते, पुष्पप्रदर्शनाची. आपण ती वाचतो, 'यंदा जायलाच हवं' असं मोठ्याने म्हणतो, आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी होते. पहिल्या दिवशी पाहुणे असतात, दुसऱ्या दिवशी मुलांची चाचणी, तिसऱ्या दिवशी गॅसवाला येणार असतो. चौथ्या दिवशी समोरच्या वहिनी रिक्षातून कुंड्या उतरवताना दिसतात आणि आपल्याला कळतं, प्रदर्शन संपलं!

मैत्रिणींनो, यंदा असं होऊ देऊ नका. वर्षातला एक दिवस फुलांसाठी राखून ठेवा. नुसतं हिंडून, भेळ खाऊन परत यायचं असेल तर तासाभरात काम होतं. पण नीट तयारीने गेलात, तर त्या एका दिवसाची शिदोरी वर्षभर पुरते. ती तयारी कशी करायची, हेच आज सांगणार आहे.

पुण्याच्या मैत्रिणींना एम्प्रेस गार्डन ठाऊक आहेच. रेसकोर्सजवळची ही सुमारे ३९ एकरांची बाग इंग्रजी अमदानीतली. पूर्वी ती लष्करातल्या शिपायांच्या विरंगुळ्यासाठी होती, म्हणून तिला सोल्जर्स गार्डन म्हणत. पुढे व्हिक्टोरिया राणीने हिंदुस्थानच्या सम्राज्ञीचा किताब घेतला, १८७७ च्या १ जानेवारीला दिल्लीत दरबार भरवून त्याची द्वाही फिरली आणि या बागेलाही 'एम्प्रेस' हे नाव मिळालं. आज अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था बाग सांभाळते, आणि प्रजासत्ताक दिनाच्या आसपास तिथे दरवर्षी प्रदर्शन भरतं. मुंबईच्या मैत्रिणींना भायखळ्याची राणीची बाग आहे, म्हणजे आताचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. ती १८६२ साली खुली झाली. तिथेही हिवाळ्यात महापालिकेचं प्रदर्शन असतं. तुमच्या गावी कृषी महाविद्यालय किंवा नगरपालिकेची बाग असेल, तर तिथेही चौकशी करून बघा.

निघण्यापूर्वी

साडी कुठली नेसायची हे नंतर ठरवू. आधी एक टेप घ्या आणि गॅलरीत जा. लांबी किती, रुंदी किती, दोरीवर कपडे वाळत घातल्यावर कुंडीला जागा किती उरते, हे मोजा. मग एक दिवस, सुट्टीचा धरा हवं तर, घड्याळाकडे लक्ष ठेवून ऊन कधी येतं आणि कधी जातं ते लिहून ठेवा. किराणा सामानाची यादी करतो तशीच ही यादी पर्समध्ये ठेवायची.

पूर्वेच्या गॅलरीत सकाळचं कोवळं ऊन येतं. चार-पाच तास मिळत असेल तर गुलाब, जास्वंद, शेवंती, तुळस सगळं होतं. पश्चिमेला दुपारचं कडक ऊन. ते सोसणारी झाडं म्हणजे बोगनवेल, मोगरा, सदाफुली. उत्तरेला ऊन जवळजवळ नाहीच. तिथे गुलाबाचा हट्ट धरू नये, मनीप्लांट आणि नेचे सुखाने राहतात.

आता गंमत दक्षिणेच्या गॅलरीची. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून जानेवारीत ही गॅलरी उन्हाने नुसती न्हाऊन निघते. आपल्याला वाटतं, वा, इथे काहीही लावता येईल! पण मे महिन्यात आपल्याकडे सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि वरच्या मजल्याचा स्लॅब ते ऊन अडवतो. जानेवारीत भरभरून फुलणारं झाड जून उजाडता उजाडता रुसून का बसतं, त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

जायचं ते शक्य असेल तर सुट्टीचा दिवस टाळून, आणि दार उघडताच. सकाळी फुलं ताजी असतात, गर्दी कमी असते, आणि मुख्य म्हणजे माळीदादांना बोलायला सवड असते. बरोबर पाण्याची बाटली, दोन मजबूत कापडी पिशव्या, जुनी वर्तमानपत्रं, वही-पेन्सिल आणि घरची पोळीभाजी. चप्पल रोजची, सवयीची.

मंडपात शिरल्यावर

पहिली फेरी नुसती डोळे भरून बघण्याची. दुसरी फेरी वही घेऊन.

गुलाबांपाशी सगळ्यात जास्त गर्दी असते. बक्षिसाचं कार्ड लावलेलं फूल शेजारच्या पूर्ण उमललेल्या फुलापेक्षा लहान का, असा प्रश्न आपल्याला पडतो. हायब्रिड टी जातीचं फूल अर्धं ते पाऊण उमललेलं असताना सर्वांत देखणं धरतात. मधला भाग उंच, पाकळ्या सारख्या वळलेल्या, देठ सरळ, पानं स्वच्छ आणि निरोगी. म्हणजे नुसता आकार नाही, फुलापासून पानापर्यंत सगळं बघतात. आपल्या देशात गुलाबाचं वेड रुजवणाऱ्यांत डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांचं नाव मोठं आहे. गहू हा त्यांच्या संशोधनाचा विषय, पण गुलाबाच्याही कितीतरी जाती त्यांनी तयार केल्या. पोटाची भूक आणि डोळ्यांची भूक, दोन्ही एकाच माणसाने ओळखल्या म्हणायच्या!

शेवंतीचं एक गुपित माळ्यांकडून जरूर ऐकून घ्या. दिवस लहान आणि रात्र मोठी होऊ लागली की शेवंतीला कळी धरते. तिला लांब, सलग अंधार हवा असतो. ज्या कुंडीवर गॅलरीतला दिवा किंवा रस्त्यावरचा दिवा रात्रभर पडतो, ती शेवंती पानांनी डवरते, पण कळ्या धरायला उशीर करते. नाताळात लालभडक होणारी लालपत्ती, जिला पॉइनसेटिया म्हणतात, तिचंही तसंच. खतावर खर्च करण्यापूर्वी कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात सरकवून बघा. फुकटचा उपाय आहे.

मुलं बरोबर असतील तर त्यांना कामाला लावा. बोगनवेलीचं खरं फूल शोधायला सांगा. गुलाबी, केशरी दिसतात ती रंगीत पानं, खरं फूल मधलं इवलंसं, पांढरट नळीसारखं. आणखी एक कोडं घाला: आपला दसऱ्याचा झेंडू, गजऱ्यातला निशिगंध, डेलिया, झिनिया आणि ही लालपत्ती, या सगळ्यांचं माहेर एकच, ते कोणतं? मेक्सिको! इतक्या लांबून आली आणि झेंडू तर असा रुळला, की त्याच्याशिवाय आपलं तोरण होत नाही.

पुष्परचनेच्या मंडपात आपण जरा बुजतो. 'हे काही आपलं काम नाही बाई!' असं म्हणत पुढे सरकतो. पण तिथे पाच मिनिटं उभं राहाच. जपानी इकेबानात फुलं थोडी लागतात, म्हणून खरं तर ती आपल्या खिशाला परवडणारी कला. १९२७ साली सुरू झालेल्या सोगेत्सू पद्धतीचा पहिला धडा तर चक्क गणिताचा आहे. भांड्याची रुंदी आणि खोली यांची बेरीज करायची, तिच्या दीडपट पहिली काडी, पहिलीच्या पाऊणपट दुसरी आणि दुसरीच्या पाऊणपट तिसरी. समजा, तुमची पसरट वाटी ८ इंच रुंद आणि २ इंच खोल आहे. बेरीज १०, म्हणून पहिली काडी १५ इंचांची, दुसरी सव्वाअकरा, तिसरी साधारण साडेआठ. जास्वंदीची एक फांदी, दोन पानं आणि देव्हाऱ्यातून उरलेली दोन फुलं पुरतात. देठ मात्र पाण्याखाली बुडवून कापायचे, म्हणजे त्यात हवा शिरत नाही आणि फूल जास्त टिकतं.

बोन्साय बघताना 'बिचाऱ्या झाडाला उपाशी ठेवलंय' असं म्हणणारी एक तरी बाई भेटतेच. तसं नसतं. मुळं आणि फांद्या वेळच्या वेळी छाटून, तारेने वळण देऊन, खतपाणी घालून ते झाड वाढवलेलं असतं. उथळ भांड्यातली माती लवकर सुकते, म्हणून त्याला पाणी रोजच्या रोज लागतं. बोन्साय विकत घ्यावंसं वाटलं तर एकच प्रश्न स्वतःला विचारा. मे महिन्यात आपण आठ दिवस माहेरी जाऊ, तेव्हा याला पाणी कोण घालणार?

झाडं ओळखणारं माणूस

आता एक घरातली गोष्ट सांगते, कारण प्रदर्शनाला कोणाला बरोबर न्यावं याचं उत्तर तिच्यात आहे.

माझ्या सासूबाईंचं सगळं आयुष्य रत्नागिरीकडे गेलं. मोठं अंगण, मागे आगर, विहीर. मामंजी गेल्यावर एकटीने तिथे राहणं जमेना, तेव्हा त्या पुण्यात आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आल्या. तक्रार कसलीच नाही. पण कपाटाचा एक कप्पा आणि पलंगाची एक बाजू सोडली, तर घरात त्यांनी कशालाही 'माझं' म्हटलं नाही. पाणी हवं असलं तरी 'होईल तेव्हा दे' म्हणायच्या. दोन वर्षं त्या आमच्याकडे पाहुण्यासारख्या राहिल्या.

प्रदर्शनाला चला म्हटलं, तर 'मला काय करायचंय तिथे? तुम्ही जा' हे ठरलेलं उत्तर. शेवटी नातीने हात धरून नेलं.

मंडपातल्या गुलाबांत त्यांचं लक्ष नव्हतं. पण बागेतल्या जुन्या झाडांखालून चालताना एका राक्षसी वेलापाशी त्या थबकल्या. दोरखंडासारखं खोड या झाडावरून त्या झाडावर गेलेलं. "अगो, ही गारंबी!" त्या म्हणाल्या. "हिच्या शेंगा हातभर लांब. बिया ही एवढ्या. आम्ही खेळायला घ्यायचो." नात बघतच राहिली. मग पुढे प्रत्येक झाडापाशी आजी सांगताहेत आणि नात विचारतेय, असं सुरू झालं.

रोपांच्या एका दुकानात अबोलीची कुंडी होती. विकणारा मुलगा सांगत होता, याला ऊन भरपूर लागतं. सासूबाई सौम्यपणे म्हणाल्या, "भर दुपारचं ऊन नको हो तिला. सकाळचं दे आणि मग सावली. आणि सुकलेली बोंडं टाकू नको. पाण्यात टाकलीस की तडतडून फुटतात, बी आपोआप उडतं. पाऊस पडला की आमच्या अंगणात हाच खेळ." त्या मुलाने एक वाळलेलं बोंड तोडून ओल्या तळव्यावर ठेवलं. क्षणभराने ते टचकन फुटलं. तो मुलगा हसला, नात ओरडली, आणि सासूबाईंनी कमरेची चंची काढून स्वतःच्या पैशांनी ती अबोली घेतली. मी पर्स उघडली होती, तर म्हणाल्या, "नको. ही माझी."

रात्री जेवताना त्यांनी ह्यांना सांगितलं, "गॅलरीतली ती मोडकी सायकल उद्या खाली ने. मला जागा लागेल."

दोन वर्षांत या घरात त्यांनी कोणाला काही करायला सांगितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. ह्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सायकल भंगारवाल्याकडे गेली.

तेव्हा मैत्रिणींनो, आपल्या घरात, शेजारात असं अंगण सोडून आलेलं कोणी असेल, तर त्यांना आग्रह करून न्या. 'त्यांना चालवणार नाही' असं आपणच ठरवू नका. मधे मधे बसायला बाकं असतात. आणि माहितीचं म्हणाल, तर पाटीवर नसलेलं पुष्कळ त्यांना ठाऊक असतं.

पिशवीत काय घालायचं?

रोपांची दुकानं बघितली की आपलं भान हरपतं. पिटुनिया, पॅन्सी, फ्लॉक्स, साल्व्हिया, रंगांची नुसती रांगोळी! पण ही हंगामी झाडं. त्यांचं बी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेलं असतं आणि उन्हाळा तापला की ती जातातच. तुम्ही घेता ते त्यांच्या आयुष्याचं उत्तरार्ध असतं. हौस म्हणून एखादं जरूर घ्या, पण एप्रिलमध्ये वाळलं तर आपल्या हाताला यश नाही असं म्हणत बसू नका. ते झाडाचं आयुष्यच तेवढं.

गुलाब घेताना फुलाकडे बघू नका, खोडाकडे बघा. बहुतेक गुलाब रानगुलाबाच्या खुंटावर डोळा भरून केलेले असतात. तो सांधा शोधा. सांध्याच्या वर दोन-तीन जाडजूड, हिरव्या फांद्या हव्यात. घरी आणल्यावर सांध्याच्या खालून जो फुटवा येईल, तो रानगुलाबाचा. दिसला की काढून टाका, नाहीतर तो फोफावतो आणि आपला गुलाब मागे पडतो.

पानं उलटून बघा. कोळ्याची बारीक जाळी, पांढरा कापसासारखा किडा, चिकटपणा दिसला तर दुसरी कुंडी मागा. भाजी घेताना आपण मेथीची जुडी उलटून बघतोच की, मग इथे संकोच कशाला?

घरात रांगतं मूल असेल तर आणखी एक खबरदारी. डिफेनबेकिया म्हणून मोठ्या ठिपकेदार पानांचं शोभेचं झाड मिळतं. त्याचं पान चावलं गेलं तर तोंडाची आग होऊन जीभ सुजते. कण्हेर तर सगळीच विषारी. अशी झाडं मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवा, किंवा मूल मोठं होईपर्यंत आणूच नका.

घरी आणल्यावर

नवं रोप आणलं की लगेच मोठ्या कुंडीत हलवायची घाई होते. तसं करू नये. आठ-दहा दिवस ते आहे त्याच कुंडीत, सावलीत, जुन्या झाडांपासून दूर ठेवा. नव्या जागेची हवा त्याला सोसू द्या, कीड असेल तर तीही तेवढ्यात दिसते. मग संध्याकाळच्या वेळी, मुळांभोवतीची माती न फोडता, हलवा.

पाणी घालण्यापूर्वी बोट पेराएवढं मातीत घाला. ओलं लागलं तर आज पाणी नको. कुंडीखालच्या ताटलीत साठलेलं पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून ताटली घासून ठेवा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. आणि कुंडी कठड्यावर किंवा कठड्याबाहेर टांगू नका. ओल्या मातीची कुंडी किती जड होते ते उचलून बघा, मग खालून जाणाऱ्या माणसाचा विचार करा.

पुढच्या जानेवारीसाठी

आता शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. बक्षिसाच्या कार्डांवरची नावं वाचली की लक्षात येतं, बंगलेवाल्या आणि माळी ठेवलेल्यांबरोबर तिथे घरातल्या दोन-चार कुंड्या घेऊन आलेल्या बायकाही असतात. प्रवेश कसा घ्यायचा, कोणते विभाग असतात, याची चौकशी त्याच दिवशी कार्यालयात करून ठेवा. एकच गुलाब, एकच कुंडी, एकच पुष्परचना, तेवढ्यानेही सुरुवात होते.

मग कॅलेंडरवर खुणा करा. फेब्रुवारी संपायच्या आत मोगरा छाटायचा, म्हणजे उन्हाळ्यात बहर येतो. पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात हंगामी फुलांचं बी पेरायचं. गुलाब ऑक्टोबरात छाटला तर साधारण सहा-सात आठवड्यांनी पहिली फुलं येतात. प्रदर्शन जानेवारीच्या अखेरीस असेल, तर त्या हिशेबाने मागे मोजत या, आणि दोन कुंड्या असल्या तर आठवड्याच्या अंतराने छाटा. एक चुकली तर दुसरी साधेल.

दूधवाला, पेपरवाला, मुलांची फी, विम्याचा हप्ता, सगळ्यांच्या तारखा आपल्या कॅलेंडरवर असतात. त्यांत ही एक आपली स्वतःची तारीख असू द्या. पेन्सिलीने नको, शाईने लिहा, म्हणजे ऐनवेळी गॅसवाला आला तरी खोडता येणार नाही!